मंगळावरचे बटाटे की अराकिसची वाळू: मोठ्या वाचकाने सुरुवात कुठून करावी?

गेल्या महिन्यात भाचा घरी आला आणि चहाच्या आधीच पुस्तकांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहिला. वय 31, नोकरी नेरूळला, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाणं-येणं. "मामा, काहीतरी दे ना. सायन्स फिक्शन नाहीतर फॅन्टसी. पण शाळकरी पोरांचं नको, मोठ्या माणसाचं दे. आणि हिरो पुरुष हवा. हल्ली दुकानात जावं तर पुढच्या टेबलावर नुसती राजकन्यांची नि पंखवाल्या राजपुत्रांची प्रकरणं मांडलेली असतात."

शेवटची अट ऐकून त्याची मामी स्वयंपाकघरातून मोठ्याने खोकली. मला मात्र ती अगदीच टाकाऊ वाटली नाही. पाच-सहाशे पानं कुणाच्या तरी डोक्यात मुक्काम करायचा, तर यजमान कोण हे विचारलेलं बरं. खरी गोम 'मोठ्या माणसाचं' या शब्दांत आहे. रक्त सांडलं आणि शेज दाखवली की पुस्तक मोठ्यांचं होतं, असा एक समज आहे. माझा निकष साधा आहे: शंभराव्या पानावर नायकाने जे केलं, त्याची वसुली पाचशेव्या पानावर होते का? होत असेल तर पुस्तक मोठ्यांचं. एरवी त्यात कितीही मुंडकी उडू देत, ते दिवाळीच्या किल्ल्यावरचं मावळ्यांचं युद्धच.

त्या दुपारी चार पुस्तकं काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. चारही इंग्रजी, चारही मी एकाहून जास्त वेळा वाचलेली. दोन विज्ञानाच्या बाजूची, दोन जादूच्या.

दोन वाळवंटं

फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' (1965) आणि अँडी वीअरचं 'द मार्शियन' शेजारी ठेवली की एक गंमत दिसते. दोन्हीकडे एकेक पुरुष कोरड्याठाक ग्रहावर येऊन पडलाय आणि दोन्हीकडे प्रश्न पाण्याचा आहे. तिथून पुढे मात्र दोघांच्या वाटा पार फाकतात.

वीअरचा मार्क वॉटनी वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मेकॅनिकल इंजिनीअर. मोहिमेच्या सहाव्या दिवशी वादळ येतं, सोबती त्याला मेलेला समजून निघून जातात. निवारा 31 दिवसांच्या बेताने बांधलेला. मग हा गडी सणासाठी पाठवलेले बटाटे पेरतो. त्यांना पाणी हवं म्हणून यानातलं उरलेलं हायड्रेझीन नावाचं इंधन इरिडियम धातूवरून सोडून त्यातून हायड्रोजन काढतो, तो हायड्रोजन जाळून पाणी करतो आणि तसं करताना एकदा स्वतःलाच उडवून घेतो. सगळं रोजनिशीच्या रूपात, टवाळीच्या सुरात. नोंदी लहान लहान. ऐरोलीला चढलेला घोळका अंगावर आला तरी धागा तुटत नाही, घणसोलीला परत सापडतो.

हे पुस्तक वीअरने आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकलं. वाचणारे चुका कळवायचे, तो दुरुस्त करायचा. 2011 मध्ये किंडलवर 99 सेंटला आलं, 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापलं, 2015 मध्ये सिनेमा. गणिताबद्दल इतका काटेकोर माणूस, पण ज्या वादळावर सगळं उभं आहे तेच खोटं आहे. मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ, तिथलं वादळ माणसाला उचलून फेकू शकत नाही. वीअरने हे स्वतःच कबूल केलंय. मला त्याचं काही वाटत नाही. तक्रार वेगळी आहे: वॉटनी पहिल्या पानावर जसा असतो तसाच शेवटच्या पानावर असतो. एकटेपणा, मरणाची भीती, काहीही त्याच्या आत शिरत नाही. अडचण आली, तोडगा काढला, विनोद केला, पुढची अडचण. इंजिनीअर वाचकाला हे पेढ्यासारखं गोड लागतं. पण माझा निकष लावला तर वसुली शून्य, कारण याने कुणाचं काही बिघडवलेलंच नाही. त्याच लेखकाचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' (2021) या बाबतीत बरंच पुढे आहे. तिथला नायक शाळेतला विज्ञानाचा मास्तर, अंतराळयानात जागा होतो तेव्हा स्वतःचं नावही त्याला आठवत नसतं. जसजसं आठवत जातं तसतसं आपण इथे कसे आलो हे त्याला कळतं, आणि ते फारसं अभिमानाचं नसतं. वीअरचं एकच वाचायचं असेल तर मी हे सांगेन.

आता 'ड्यून'. पॉल अट्रायडीस, वय 15, सरदाराचा मुलगा. बापाला अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहाची जहागीर मिळते, आणि ती मिळणं हाच सापळा असतो. घरात फितूर कोण, हे हर्बर्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. रहस्यात त्याला रस नाही. सगळं ठाऊक असूनही माणसं त्या सापळ्यात कशी चालत जातात, ते त्याला दाखवायचंय.

पाण्याचा हिशेब इथेही आहे, पण तो रीतिरिवाजात मुरलेला. घाम, श्वास, मूत्र, सगळं गाळून परत पिण्याजोगं करणारा पोशाख तिथले लोक घालतात. मेलेल्याच्या देहातलं पाणी टोळीचं असतं. फ्रेमेन म्हणजे हेच वाळवंटातले लोक. त्यांचा एक सरदार सभेत टेबलावर थुंकतो. पॉलच्या बापाची माणसं तलवारीला हात घालतात आणि मग त्यांना कळतं की अंगातला ओलावा देणं हा तिथे मान आहे. (तो मान आपल्याकडे स्टेशनच्या जिन्यांचे कोपरे रोज घेतात.)

पण मोठ्यांचं पुस्तक म्हणून 'ड्यून' जिथे उभं राहतं ती जागा वेगळीच. अराकिसवर एका तारणहाराची भविष्यवाणी आहे, आणि ती एका पंथाने पिढ्यांपूर्वी मुद्दाम पेरून ठेवलेली आहे, आपल्या माणसांना अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणून. पॉलला हे माहीत आहे. जीव वाचवायला तो ती वापरतो. आणि मग ती त्याला वापरू लागते. राजपुत्र, कारस्थान, वनवास, परत येऊन राज्य घेणं, हा साचा आपल्या हाडीमाशी इतका खिळलेला आहे की आपण नकळत टाळ्या वाजवत जातो. पुढच्या भागात, 1969 च्या 'ड्यून मसाया'त, हर्बर्ट त्या टाळ्यांचं बिल आपल्याच हातात ठेवतो: पॉलच्या नावाने झालेल्या युद्धांत 61 अब्ज माणसं मेली. माझ्या मते ही दोन पुस्तकं मिळून एकच कादंबरी आहे. हर्बर्टने एकूण सहा लिहिली. दोनवर थांबलं तरी काही अडत नाही.

अडचण अशी की पहिली शंभर पानं जड आहेत. अनोळखी शब्दांचा मारा, शेवटी शब्दसूची, परिशिष्टं. गर्दीत उभ्याने हे जमत नाही. मी पहिल्यांदा सुरू केलं ते लोकलमध्ये, आणि दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा पावसाळ्यातल्या एका शनिवारी घरी बसून वाचलं तेव्हा कुठे आत शिरलो. पहिल्या दोन खेपांचा थोडा दोष प्रतीचाही होता. ती मी फुटपाथवर स्वस्तात घेतलेली, 32 पानं दोनदा बांधलेली आणि पुढची 32 गायब. हे पुस्तक नीट छापलेलंच घ्यावं.

जिना आणि तबेला

जादूच्या बाजूला जो अबरक्रॉम्बीचं 'द ब्लेड इटसेल्फ' (2006). तीन पुरुष. नऊ बोटांचा, लढून लढून थकलेला उत्तरेकडचा लोगन. तलवारबाजीच्या स्पर्धेपलीकडे काही न सुचणारा गर्विष्ठ तरुण अधिकारी जेझाल. आणि ग्लोक्टा. ग्लोक्टा एके काळी त्याच स्पर्धेचा विजेता. मग शत्रूच्या तुरुंगात दोन वर्षं. दात असे उपटलेले की वरच्या दाताखाली खालचा दात येत नाही, त्यामुळे घास चावता येत नाही. एक पाय निकामी. आता तो स्वतःच सरकारी छळखात्यात नोकरीला आहे. कबुलीजबाब काढून घेणं हे त्याचं काम.

ठाणे स्टेशनच्या पुलावर मला हमखास ग्लोक्टा आठवतो. जगातल्या कुणाही एकाला छळायची मुभा मिळाली तर ज्याने जिने शोधून काढले त्याला पकडीन, असं त्याचं मत आहे. संध्याकाळी सातला दहा नंबरवरून पूल चढताना हे मत टोकाचं वाटत नाही. ग्लोक्टाची खरी गंमत त्याच्या मनातल्या बोलण्यात आहे. तोंडाने तो साहेबाला हो म्हणतो आणि मनात शेलक्या शिव्या देतो. ज्याने पंधरा वर्षं नोकरी केलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे पहिल्या भागात कथानक म्हणावं असं फार घडत नाही, सोंगट्या मांडण्यातच तो संपतो. वसुली तिसऱ्या भागात होते, आणि ती सावकारी व्याजाने होते. तिन्ही भाग 2006 ते 2008 या काळात येऊन गेले, गोष्ट पुरी आहे. भाषा रांगडी, विनोद काळा, हाणामाऱ्या इतक्या तपशिलाने की जेवताना वाचू नये. लोगन चांगला माणूस आहे असं आपल्याला वाटत राहतं. खुद्द लोगनलाही तसंच वाटत असतं. बस, एवढंच सांगतो.

शेजारी रॉबिन हॉबचं 'असॅसिन्स अप्रेंटिस' (1995). युवराजाचा अनौरस मुलगा. सहा वर्षांचा असताना आईचा बाप त्याला राजाच्या चौकीवर आणून सोडतो आणि निघून जातो. पोराला नावही नाही, पुढे त्याला फिट्झ म्हणू लागतात. तबेल्याचा प्रमुख बरिच त्याला वाढवतो, घोडे आणि शिकारी कुत्री सांभाळता सांभाळता. पुढे राजा त्याला चोरून मारेकऱ्याचं शिक्षण देतो, कारण गादीवर हक्क नसलेलं राजरक्त अशाच कामाला उपयोगी. कर्णाची गोष्ट ज्या भाषेत घरोघरी वाचली जाते तिथल्या माणसाला फिट्झ परका वाटणार नाही. फरक एवढाच की फिट्झकडे कवचकुंडलं नाहीत. त्याला जखमा होतात, त्या पुरत्या भरत नाहीत, आणि पुढच्या पुस्तकातही ठणकत राहतात.

इथे जादू दोन प्रकारची. एक राजघराण्याची, मनाने मनाशी बोलायची. तिला मान आहे. दुसरी प्राण्यांशी मन जुळवायची. तिची लाज वाटते, ती लपवायची असते. फिट्झकडे दोन्ही आहेत. बरिच त्याच्यावर बापासारखी माया करतो आणि नेमक्या त्या दुसऱ्या गोष्टीवरून त्याच्याशी सगळ्यांत कठोर वागतो. दोन पुरुष एकमेकांवर जीव लावतात आणि कधीही तोंडाने सांगत नाहीत, हे मी इतक्या अचूकपणे फार कमी ठिकाणी वाचलंय. आणि मामीच्या खोकल्याचं उत्तरही इथेच आहे: रॉबिन हॉब हे टोपणनाव, लेखिका बाई आहेत. टेबलावरच्या चौघांत सगळ्यांत खरा पुरुष एका बाईने लिहिलेला.

गती मंद. चार दिवस दरबारातली कुजबुज, मग एक तडाखा. ज्याला दर स्टेशनाला काहीतरी घडायला हवं त्याने हे उचलू नये. पहिली त्रयी 1997 मध्ये पूर्ण झाली. फिट्झच्या आणखी दोन त्रयी पुढे आहेत, पण पहिली स्वतंत्र वाचता येते.

टेबलावर न मांडलेली

पॅट्रिक रॉथफसचं 'द नेम ऑफ द विंड' (2007) भाच्याने स्वतःच विचारलं. गद्य देखणं, नायक हुशार आणि स्वतःच्या हुशारीवर लुब्ध. दुसरा भाग 2011 मध्ये आला, तिसऱ्याची वाट वाचक अजून बघतायत. पुढचा जिना बांधलेलाच नाही हे माहीत असताना मी कुणाला वर चढवत नाही.

अमीश यांची शिवत्रयी (2010 ते 2013) त्याने कॉलेजातच वाचलीय. कल्पना जोरदार, वेग भरपूर. पात्रं मात्र एखाद्या कंपनीच्या मीटिंगला बसल्यासारखी बोलतात. तिच्यावरून पुढे जायचं असेल तर हॉबपेक्षा अबरक्रॉम्बीकडे जाणं सोपं.

"मराठीत काहीच नाही का?" असंही त्याने विचारलं. आहे, पण जात वेगळी. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे आद्याक्षरं उलटी केलेले जयंत विष्णु नारळीकर. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी या निमित्ताने जरूर वाचावी. जमिनीखाली एका जुन्या प्रगत संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. माणसाहून हुशार यंत्र हाताशी आलं तर काय, हा प्रश्न आज रोजच्या पेपरात असताना ती पुन्हा ताजी वाटते. पण तिथे नायक ही कल्पना आहे. माणूस तिच्या मागेमागे चालतो. भाच्याला ज्याच्या डोक्यात राहायचंय असा पुरुष त्यात नाही. तरी ठाण्यात राहून 1893 पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व नसणं बरं नव्हे, एवढं मी त्याला सुनावलं.

मग हिशेब असा मांडला. गाडीत उभ्याने, तुकड्या-तुकड्याने वाचणार असशील तर वीअर, आणि त्यातही 'हेल मेरी'. शनिवार-रविवार मोकळे असतील आणि आपण कुणासाठी टाळ्या वाजवतो याचा विचार करायची तयारी असेल तर 'ड्यून', पण 'मसाया'सकट. साहेबावर राग असेल तर अबरक्रॉम्बी. आणि एकच नेणार असशील, घाई नसेल, तर हॉब.

"कुत्री-घोडी नि तबेला?" तो म्हणाला. "मामा, मला ड्रॅगन वगैरे हवं होतं." तरी नेलं, बहुधा मामीच्या धाकाने.

नऊ दिवसांनी रात्री साडेअकराला मेसेज आला. "त्या पिल्लाचं काय झालं? बरिचने मारलं ना त्याला? हे तू आधी सांगायला हवं होतंस."

मी एवढंच लिहिलं, "शेवटपर्यंत वाच." दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.