बडोद्याची सायकल कार्यशाळा: पुरानंतर जायला लागले, त्याचा अनुभव

दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर शनिवारी-रविवारी ही कार्यशाळा भरते. सायकल आपली, हत्यारं तिथली आणि दुरुस्ती स्वतःच्या हातानं करायची. तुमच्यासाठी कोणी करून देत नाही. शिकवणारे काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर आहेत. तुम्ही कितीही अडलात तरी ते पाना हातात घेत नाहीत, शेजारी उभं राहून सांगतात. वर्गणी महिन्याला २०० रुपये. ग्रीस, सोल्यूशन, पॅच त्यातच, पार्ट आपले आपण आणायचे. मी २०२४च्या पुरानंतर जायला लागले. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी अकोटा भागात आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. सासऱ्यांची काळी २८ इंची आणि मुलीची गिअरची, दोन्ही सायकली पाण्याखाली होत्या. पाण्यातून निघालेली सायकल धुतली की चांगली दिसते, पण गाळ आत गेलेला असतो: चाकांच्या मधल्या दोन्ही हबमध्ये, पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या बीबीत, हँडलच्या कपांत. ग्रीस धुऊन जातं, छर्रे गंजतात, आणि गंजका छर्रा फिरून फिरून कोनावर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर, खड्डे पाडतो. एका दुकानात दोन्ही सायकलींच्या चेनना तेल सोडून ‘झालं’ म्हणून परत दिल्या. तेलानं आतला गाळ निघत नाही. तो काढायचा तर हब उघडावाच लागतो.

म्हणून माझी सुरुवातच हबपासून झाली, आणि या कार्यशाळेचं मोल मला तिथेच कळलं. मागच्या हबात पाव इंची छर्रे, एका बाजूला ९. पुढच्यात ३/१६ इंची, एका बाजूला १०. जुनं ग्रीस डिझेलनं धुवायचं, छर्रे बसतात ती हबातली वाटी फडक्यानं कोरडी करायची, उजेडात धरून खड्डे आहेत का ते पाहायचं. माझ्या चाकातले थोडेच छर्रे काळे पडले होते, बाकीचे चकचकीत होते. तरी काका म्हणाले, “ताई, एक खराब निघाला की सगळे बदलायचे. जुने झिजून बारीक झालेले असतात. त्यात नवा घातलात तर सगळा भार त्या एकट्यावर येईल.”

इथवरचं कुठल्याही व्हिडिओत मिळतं. खरं शिक्षण कोन बसवताना होतं. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरतं आणि छर्रे वाटी खातात. सैल राहिला तर चाक लचकतं आणि तेच खड्डे पडतात. दोन्हींच्या मधली जागा पाव आट्याहूनही कमी असते. शिवाय वरचा लॉकनट आवळला की कोन आटा घेऊन आत सरकतो, म्हणून आधी केसभर सैल ठेवावा लागतो. केसभर म्हणजे किती, हे कोणी लिहून देऊ शकत नाही. काका एक्सल, म्हणजे चाकाचा आस, दोन बोटांत धरून फिरवायला लावतात. गाळ उरला असेल तर भातात खडा लागावा तशी कचकच बोटांना लागते. मग चाक फोर्कात बसवून रिम आडवी हलवायची. हबातली केसभर ढिलाई रिमजवळ आल्यावर स्पष्ट जाणवते. सगळं नीट जमलं की हवेत सोडलेलं चाक थांबताना जड बाजू खाली घेऊन दोन-चार हेलकावे खातं आणि मगच स्थिर होतं. ते हेलकावे पहिल्यांदा दिसले तेव्हा काका फक्त “हं” म्हणाले. मला फार आनंद झाला.

हाताला ही समज यायला शेजारी जाणतं माणूस लागतं, आणि त्यानं आपला हात आवरणंही लागतं. दुकानातला कारागीर तुमच्यासमोर काम करतो, पण त्याला घाई असते. व्हिडिओतल्या माणसाला तुमचा कोन दिसत नाही. माझ्या मते या कार्यशाळेला दुसरा पर्याय नाही तो एवढ्यासाठीच.

आट्यांची दिशाही तिथेच पक्की झाली. उजव्या पायडलचे आटे सुलटे, डाव्याचे उलटे. पाना वरच्या बाजूला लावून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्हीकडचं पायडल सैल होतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, ही जुनी इंग्रजी पद्धत. जोर लावून लावून तो कप खराब करणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. काळ्या सायकलीच्या क्रँकची (पायडलच्या दांडीची) कॉटर, म्हणजे ती दांडी बीबीच्या आसाला पक्की धरणारी पाचर, काढताना काका क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवायला लावतात, म्हणजे हातोडीचा दणका बीबीच्या छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जातो. दुकानांत हे फारसं पाहिलं नाही.

पंक्चर तर सगळेच शिकतात. त्यातली कामाची गोष्ट एकच: सोल्यूशन लावल्यावर ते कोरडं होऊ द्या, ओलं असताना पॅच चिकटवू नका. आणि टायरच्या आतून हात फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालू नका. नदीकाठच्या वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये अडकून राहतो आणि नवा पॅच परत फुटतो.

चेन मोजणं मात्र मला नवं होतं. चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. लोखंडी पट्टी एका पिनवर शून्य धरून लावायची. १२ इंचांवरची पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर गिअरच्या सायकलीची चेन बदलायला काढा, १/८ पुढे गेली असेल तर कुठल्याही सायकलीची. उशीर केला तर झिजलेली चेन फ्रीचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातही खाते आणि खर्च दुप्पट होतो. मुलीची चेन मी अशी वेळेवर बदलली.

पार्ट आणताना मापं अचूक नेणं सर्वांत महत्त्वाचं. काळ्या सायकलीचं २८ × १½ टायर ६३५ मिलिमीटर रिमचं असतं. हल्लीच्या ७००सी टायरवरही २८ इंच छापलेलं असतं, पण त्याची रिम ६२२ ची. दोन्ही २८ म्हणून विकली जातात आणि एकमेकांना बसत नाहीत. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचून जा.

आता उणिवा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचं तेल बदलायची सोय नाही. चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचं स्टँड एकच आहे आणि रविवारी त्यासाठी बराच वेळ थांबावं लागतं. मे महिन्यात उकाड्यात बसणं कठीण, म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ ठेवायला हवी. मी हे त्यांना सांगितलं आहे, पण अजून काही झालेलं नाही. बायका कमी येतात. जड पान्यांना घाबरून येत नसाल तर घाबरू नका. कॉटर सोडली तर ताकद कुठेच लागत नाही.

भाषेची अडचण नाही. काका मराठीत सांगतात, शेजारचा मुलगा गुजरातीत विचारतो, हिंदीवालाही मधेच बोलतो. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून कारागिरीचं शिक्षण सुरू केलं. त्या गावात आपल्या भाषेत पाना धरायला शिकणं मला फार योग्य वाटतं, आणि ही जागा बंद पडू नये अशी मनापासून इच्छा आहे. वर्गणी वाढवली तरी मी देईन.

फक्त स्वस्तात सायकल दुरुस्त व्हावी एवढाच हेतू असेल तर जाऊ नका, वेळ दुकानापेक्षा चौपट जातो. शिकायचं असेल तर पावसाळ्याआधीच जायला लागा, म्हणजे ग्रीस भरणं वेळेवर होईल. शनिवारी गर्दी कमी असते. सायकल धुऊन न्या, चिखलाची आत घेत नाहीत.