मावळतीला डीजे, ताटात बोंबील: ठाणे-नवी मुंबईतल्या रूफटॉपचं परीक्षण

रूफटॉपवरचा डीजे कसा आहे हे अंधार पडल्यावर कळत नाही. रात्री नऊला, दोन पेग पोटात गेल्यावर, टेबलं कुणीही हलवतो. खरी परीक्षा साडेपाच ते साडेसात या वेळात होते. लख्ख उजेड असतो, निम्मी टेबलं रिकामी असतात, एका कोपऱ्यात आजी-आजोबांसकट कुटुंब सूप पीत असतं आणि नाचायचं कुणालाच नसतं. या दोन तासांत लोक निवांत खातात, बोलतात आणि तरीही गाण्यावर कुणाचा तरी पाय हलत राहतो, असं ज्याला जमतं तो सनडाउनरचा, म्हणजे मावळतीच्या मैफलीचा, डीजे. या परीक्षणात गुण दिलेत ते याच निकषावर.

आपल्याकडचे बरेच डीजे हळदी, गोविंदा आणि नवरात्र करत रूफटॉपवर पोचतात. ऐरोली, घणसोली, दिवा, चेंदणी ही गावठाणं आणि कोळीवाडे म्हणजे त्यांची शाळाच. समोरच्या गर्दीला काय हवंय हे त्यांना नजरेनं कळतं आणि कोळीगीतांचा साठा तोंडपाठ असतो. अडचण सवयीची आहे. हळदीत पहिल्या गाण्यापासून १३०च्या आसपास बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि छातीवर बेस लागतो. इथे तेच केलं की आजोबा बिल मागवतात. चांगला सेट सुरुवातीला ९० ते १०० बीपीएमवर चालतो, सूर्य टेकताना ११०च्या आसपास येतो आणि दिवे लागल्यावर ११८ ते १२२ला स्थिरावतो. दर वीस मिनिटांनी चार-पाच बीपीएम चढवले तर बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. एकदम वीसची उडी मारली की अख्खी गच्ची दचकून डीजेच्या कन्सोलकडे बघते.

कोळीगीत घ्यायचं असेल तर आणखी एक पेच आहे. बरीचशी कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या चालीची आहेत. त्यांना चार मात्रांच्या सरळ किकवर (ड्रमच्या ठोक्यावर) रेटून बसवलं की गाणं लंगडतं. जाणकार डीजे खालचा ठेका काढून नुसता गळा घेतो, किंवा आधीच्या गाण्याचा शेवट निव्वळ सुरावटीवर सोडून कोळीगीत त्याच्याच चालीत सुरू करतो. हे एवढं जमलं की स्थानिक डीजे बाहेरून मागवलेल्या नावाजलेल्या डीजेवर सहज मात करतो, कारण नेरुळच्या गच्चीवर खाडीकडे बघत कोळीगीत ऐकण्यातली मजा डीप हाऊसच्या (संथ इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांच्या) चौथ्या तासाला येत नाही.

आता जागा. नवी मुंबईला निसर्गानं झुकतं माप दिलंय: पारसिकचा डोंगर पूर्वेला, खाडी पश्चिमेला. पाम बीच रस्त्याच्या कडेनं, म्हणजे सानपाडा, नेरुळ, सीवूड्स ते बेलापूर, पश्चिमेला तोंड असलेली कुठलीही उंच गच्ची घ्या, सूर्य खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या बाजूला उतरताना पूर्ण दिसतो. ठाण्यात उलटं आहे. उपवन तलाव, वसंत विहार, घोडबंदर रस्त्याची डोंगराकडची बाजू, इथे पश्चिमेला येऊरच्या डोंगराची भिंत उभी आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य साधारण चार मिनिटांत एक अंश खाली येतो. डोंगरमाथा क्षितिजापासून पाच अंश वर असेल तर सूर्य पंचांगातल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच गायब. ठाण्यातल्या हॉटेलनं ‘सनसेट सेट’ची वेळ पंचांग बघून छापली असेल, तर डोंगराखाली बसलेला पाहुणा येईपर्यंत खेळ संपलेला असतो. त्याची भरपाई एकच: डोंगरामागून फुटणारा केशरी उजेड तलावात उतरतो, तो खाडीवर मिळत नाही.

वेळा लक्षात ठेवा. नोव्हेंबरअखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेसातला, जूनअखेरीस सव्वासातनंतर. त्यानंतर वीस-बावीस मिनिटं चांगला उजेड टिकतो. त्यामुळे बुकिंग सूर्यास्ताच्या तासभर आधीचं घ्यायचं. घोडबंदर रस्त्यानं यायचं असेल तर आणखी अर्धा तास धरा. तिथल्या रहदारीवर वेगळं परीक्षण लिहावं लागेल.

खाडीकडेचं टेबल घेण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. ओहोटी सूर्यास्ताला आली की उघड्या पडलेल्या चिखलाचा वास वाऱ्याबरोबर थेट ताटापर्यंत येतो आणि त्यावर कुठलाही अगरबत्तीचा उपाय चालत नाही. नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात, पण ओहोटीला ते चिखलावर चरायला पांगतात. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर त्यांचे थवे जवळून दिसतात ते भरतीच्या वेळी. थोडक्यात, वास आणि पक्षी, दोन्हींच्या दृष्टीनं भरतीची संध्याकाळ निवडावी. डास मात्र भरती-ओहोटी मानत नाहीत. सूर्यास्तानंतरचा पहिला तास त्यांचा. टेबलाखाली पंखा लावणारी हॉटेलं शहाणी. नुसती कॉइल पेटवणारी हॉटेलं धूर आणि डास दोन्ही वाढतात.

सगळ्यात जास्त गोंधळ साउंडचा. उघड्या गच्चीवर भिंती नाहीत, त्यामुळे आवाज परतून येत नाही. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. २ मीटरवर ८४ असेल तर ४ मीटरवर ७८, ८ मीटरवर ७२, १६ मीटरवर ६६. कन्सोलच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे टॉप (मुख्य स्पीकर) उभे करून जबाबदारी संपली असं मानणाऱ्या गच्चीवर हेच होतं: पुढच्या टेबलावर वेटरला ऑर्डर ओरडून सांगावी लागते आणि मागच्या टेबलावर तक्रार येते की गाणं ऐकूच येत नाही. मग डीजे आवाज वाढवतो, पुढचं टेबल उठून जातं. उपाय जुना आणि स्वस्त आहे. दर चार-पाच मीटरवर एक असे सहा-आठ छोटे स्पीकर, प्रत्येक कमी आवाजावर, आणि सगळे मोनोमध्ये, म्हणजे प्रत्येकातून तोच आवाज. स्टिरिओ ठेवलं तर डाव्या कोपऱ्यातल्या टेबलाला गिटार मिळते, उजवीकडच्याला फक्त शेकर.

छोटे स्पीकर लावले तरी एक चूक राहून जाते. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. कन्सोलजवळचे टॉप १६ मीटर दूर असतील तर त्यांचा आवाज मागच्या टेबलावर ४७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि डोक्यावरचा छोटा स्पीकर तोच ठेका आधीच वाजवून मोकळा झालेला असतो. टाळी दोनदा ऐकू येते, बोल चिकट होतात. मागच्या स्पीकरला तेवढा डिले (उशीर) दिला की झालं. बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये ती सोय असते, फक्त कुणी चालू करत नाही. मागच्या टेबलावर बसून कोरडी टाळी नीट ऐका, सेटिंग झालंय की नाही ते दहा सेकंदांत कळतं.

जेवणाच्या टेबलावर ६८ ते ७२ डेसिबल पुरेसे असतात. ७५च्या पुढे समोरचा माणूस ‘काय?’ म्हणायला लागतो. मोबाइलचं अॅप अंदाजापुरतं ठीक, पण ते सहसा बेस कमी दाखवतं, आणि शेजारच्या सोसायटीला त्रास होतो तो बेसचाच. तो चारही दिशांना पसरतो, भिंतीतून जातो, लाकडी डेकवर ठेवला तर ताटल्याही वाजवतो. उघड्यावर बेस विरून जातो म्हणून डीजे तो चढवत राहतो. तिथेच गडबड सुरू होते. बसून जेवायच्या जागी अठरा इंची सब (बेसचा मोठा स्पीकर) दिसला, तर साउंडवाला लग्नातून थेट आलाय असं समजावं.

उपकरणांचा बडेजाव बघून भुलू नका. दोन चॅनलचा डीडीजे-एफएलएक्स४ हा छोटा कंट्रोलर आणि लॅपटॉप यावर तीन तासांचा सनडाउनर उत्तम निघतो. एक्सडीजे-आरएक्स३ हा मोठा कन्सोल असेल तर लॅपटॉपच लागत नाही, आणि उन्हात तो मोठाच फायदा, कारण तापलेला लॅपटॉप अडखळतो आणि स्क्रीन दिसत नाही. कन्सोल कुठे ठेवलाय तेही पाहा. सूर्यास्त मागे ठेवून फोटो छान येतो म्हणून डीजेला पश्चिम कठड्याला पाठ करून उभं करतात. मग ऊन थेट स्क्रीनवर पडतं आणि बिचारा अंदाजानं गाणी जुळवतो. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे झुकून मावळतो, म्हणून उत्तरेच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला कन्सोल सगळ्यात बरा. वर छत्री हवीच.

गाण्यांच्या मध्ये बारीक ‘हूं’ असा गुणगुणाट येत असेल तर बहुधा लांब आरसीए (घरगुती साउंडची साधी) केबल ओढलेली असते किंवा कन्सोलची वीज किचनच्या फ्रीजरच्या आणि डिमरच्या लाइनवर असते. मिक्सरपासून पुढे एक्सएलआर (व्यावसायिक साउंडची) केबल आणि कन्सोलला वेगळी लाइन, एवढ्यानं बहुतेक वेळा ते जातं. वरचे सूर फाटत असतील तर मिक्सरचे लाल दिवे बघा, किंवा गाणी व्हिडिओवरून उतरवलेली आहेत असं समजा. सूर्य बुडायच्या नेमक्या क्षणी वीज गेली तर जनरेटर उचलेपर्यंत शांतता. कन्सोलला छोटा यूपीएस लावणारी हॉटेलं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

माइक हा स्वतंत्र आजार आहे. प्रत्येक वाढदिवसाला सेट तोडून तेच गाणं, वर वाऱ्यात न पेटणारी फुलबाजी. चांगला डीजे ते गाणं चालू ठेक्यातच मिसळून तीस सेकंदांत परत येतो.

जेवणाकडे येऊ. किचन कोसळतं ते सूर्यास्तानंतरच्या दहा मिनिटांत, कारण फोटो संपले की सगळी टेबलं एकदम ऑर्डर देतात. स्टार्टर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सांगा. खाडीच्या दमट हवेत बोंबील फ्राय पाच-सहा मिनिटांत मऊ पडतो, मसाला पापड त्याहूनही आधी. वाऱ्यात पनीर टिक्का आणि पिझ्झा दोन्ही चामड होतात. उघड्यावर टिकतात तवा सुरमई, कोळंबी कोळीवाडा, सिझलर. बोंबील हवाच असेल तर एका वेळी अर्धी प्लेट मागवा. सोलकढी मात्र कधीही चालते.

बिल नीट वाचा. जेवणावर जीएसटी ५ टक्के. साध्या परमिट रूममध्ये दारूवर व्हॅट १० टक्के, नोव्हेंबर २०२३पासून. १,८०० रुपयांचं खाणं आणि १,२०० रुपयांची दारू असेल तर ९० अधिक १२०, एकूण ३,२१०. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज आला तर तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये त्या कायम ठेवल्या. डीजे असलेल्या दिवशी कव्हर चार्ज लागतो का, त्यातली रक्कम खाण्यात वळती होते का, हे फोनवरच विचारा. बीअर-वाइनसाठी २१ आणि हार्ड ड्रिंकसाठी २५ वर्षं ही वयाची अट आहे, ओळखपत्र सोबत ठेवा.

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम २०००चा दंडक. व्यापारी भागात परिसरातल्या आवाजाची दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल, निवासी भागात ५५. रुग्णालय किंवा शाळेपासून १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५०. येऊरच्या पायथ्याला तर पलीकडे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे तारतम्य नियमाच्याही आधी यायला हवं. कसलेला डीजे साडेनऊपासून वेग उतरवत आणतो आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं गाणं संपवतो. दहा वाजता ऐन रंगात बटण बंद होत असेल तर त्यानं घड्याळ पाहिलंच नाही.

गुण असे. नेरुळ-सीवूड्स-बेलापूरच्या पश्चिममुखी गच्च्या: पाचपैकी साडेतीन. सूर्यास्त पूर्ण, डीजे चांगले, साउंडची मांडणी मार खाते. उपवन आणि घोडबंदरच्या डोंगराकडच्या बागा: तीन, पहिला तास फार सुंदर, पण वेळा चुकीच्या छापतात आणि आवाज सांभाळत नाहीत. मॉलच्या गच्च्या: दोन. आजूबाजूला टॉवर, सूर्य काचेत दिसतो, डीजे दर आठवड्याला वेगळा आणि गाणी तीच. जून ते सप्टेंबर यांपैकी कुठेच गुण देता येत नाहीत. ताडपत्रीखाली पावसाचा आवाज डीजेपेक्षा मोठा असतो, तेव्हा बुकिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून करा.