बोहरी आळीतली क्लिपची बरणी, एक पावसाळा जमिनीत

मी शाळेत इतिहास शिकवते. जूनमध्ये पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीतल्या एका दुकानातून काचेच्या चार बरण्या आणल्या, त्यांच्याबद्दल लिहितेय. काकांनी विचारलं, "बाई, लोणचं घालणार की सुकं काही?" म्हटलं, कागद ठेवून जमिनीत पुरायच्यात. ते हसले नाहीत. रबरी रिंगची, तारेच्या क्लिपची बरणी पुढे केली, १८० रुपये. मला महाग वाटली. ती एकच घेतली आणि बाकी तीन पत्र्याच्या झाकणाच्या, ४५ रुपयेवाल्या. तिथेच चुकलं माझं.

हे सगळं वर्गात शिकवते त्या एका गोष्टीसाठी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या वॉर्साच्या गेटोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, इरेना सेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २,५०० ज्यू मुलं बाहेर काढली. त्यांना पोलिश नावं दिली, ख्रिस्ती घरांत, मठांत लपवलं. खरं नाव आणि नवं नाव पातळ कागदावर लिहून, बरणीत घालून, मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. लढाई संपल्यावर पोर आपल्या माणसांना परत मिळावं म्हणून. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, सेंडलरबाईंना धरलं, हाल हाल केले. त्यांनी एकही नाव सांगितलं नाही.

त्या मुलांपैकीच एक एल्झ्बिएता फित्सोव्स्का, बाहेर काढलं तेव्हा सहा महिन्यांची. जुलै १९४२ मध्ये तिला लाकडी पेटीत घालून, विटांच्या गाडीतून बाहेर आणलं. सोबत चांदीचा चमचा, त्यावर लाडकं नाव आणि जन्मतारीख कोरलेली: ५ जानेवारी १९४२. एका सुईणीने तिला वाढवलं. आपण ज्यू आहोत हे तिला सतराव्या वर्षी कळलं. आमच्याकडे बारशाला वाटी-चमचा देतातच, त्यामुळे चमच्याशी आलं की अख्खा वर्ग गप्प होतो.

तर पालखी पुण्यातून गेली त्या आठवड्यात वर्गातल्या मुलांनी कागदाच्या पट्ट्यांवर स्वतःचं नाव आणि एक परकं नाव लिहिलं. मागच्या पेरूखाली बरण्या पुरल्या. दसऱ्यानंतर उकरल्या.

पत्र्याची झाकणं गंजून बसली होती, पक्कड लावावी लागली. दोन बरण्यांत पाणी. जेल पेनची शाई पसरून नुसते निळे डाग. एका मुलीने पट्टी उन्हात धरली. परकं नाव अर्धंमुर्धं लागत होतं, खरं पार गेलेलं. म्हणाली, "बाई, मग मला कोण शोधणार?"

मला पटकन बोलता आलं नाही.

क्लिपच्या बरणीतल्या सगळ्या पट्ट्या कोरड्या ठणठणीत, पेन्सिलची अक्षरंसुद्धा. काच जाड आहे, तळाला टवका नाही. क्लिप मात्र फार कडक, एका मुलाचं बोट चिमटलं; तारेला थोडा गंजही धरलाय. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की नीट चालते.

बोहरी आळीत संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही. मी पुढच्या जूनसाठी तीन क्लिपच्या आताच आणल्यात. रबरी रिंग दोन जास्तीच्या मागून घ्या, काका देतात.