लिदीच्या बरणीतली बुरशी : पाच महिन्यांनंतर

"घरात लीद कशाला?" हे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर आधीच देतो. वास येतो तो पहिले दोन-तीन दिवस, तोही झाकण उघडलं तरच.

सामान फारसं नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाला ओला टिपकागद, वर घोड्याची ताजी लीद, सैल झाकण. बुरशीचं बी वेगळं टाकायचं नाही. घोड्याने गवताबरोबर गिळलेले बीजाणू पोटातून धडधाकट बाहेर पडलेले असतात.

पाचव्या दिवशी पायलोबोलस (लिदीवर उगवणारी एक बुरशी) उगवला आणि त्याच्यासाठीच हा खटाटोप सार्थकी लागला. भिंगाखाली धरा : काचेसारखा देठ, त्यावर टपोरा फुगा, फुग्यावर बीजाणूंनी भरलेली काळी टोपी, अंगभर दवासारखे थेंब. फुग्यात पाण्याचा दाब वाढत जातो, सकाळच्या उजेडात तो फुटतो आणि टोपी दोन मीटरपर्यंतही उडते. सुटतानाचा वेग सेकंदाला २५ मीटरपर्यंत मोजलेला आहे. उंची मात्र जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी!

तिसऱ्या खेपेला बरणीला काळा कागद गुंडाळला आणि एका बाजूला वाटाण्याएवढं भोक ठेवलं. तीन दिवसांनी कागद काढला तर काचेवर नेमकी त्याच जागी काळ्या ठिपक्यांची दाटी. चुकलेले थोडे, तेही बोटभर अंतरावर. फुगाच भिंगाचं काम करतो, देठ उजेडाकडे वळतो. रानात उजेडाकडे म्हणजे मोकळ्या गवताकडे, आणि जनावरं शेणाला लागून असलेलं गवत टाळतात, म्हणून एवढ्या लांबची फेक.

आता तक्रारी. ठिपके भयंकर चिकट. एक चष्म्यावर बसला, तो नखाने खरवडून काढला. दुसऱ्या खेपेला पाणी जास्त झालं. डबकं साचलं, घाण सुटली, सगळं फेकलं.

मुख्य अडचण म्हणजे हा खेळ दहा-बारा दिवसांचा. मग बारीकसारीक बुरश्या येतात (त्यांत माझं मन रमलं नाही), शेवटी नाजूक छत्र्या, ज्या एका रात्रीत विरघळून शाई होतात. झाकणावरचे ठिपके जुन्या लिदीवर पसरून पाहिले, काही उगवलं नाही. हे बीजाणू सहसा जनावराच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाहीत. म्हणजे दर वेळी ताजी लीद आणणं आलंच.

सातवी खेप खिडकीत आहे, आज चौथा दिवस. या वेळी भोक पार खाली, लिदीच्याही पातळीखाली पाडलंय.