सिनात्राच्या एलपी : काही महिने जमवून, ऐकून झालेलं मत

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या एलपी (लाँग प्ले तबकड्या) जमवायला सुरुवात करून आता बरेच महिने झाले. या काळात काही रेकॉर्ड्स आल्या आणि राहिल्या, काही परत पाठवल्या, दोन-तीन अल्बमच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी लावून ऐकल्या. जवळपास रोज एक तरी बाजू पूर्ण ऐकते. नव्याने या वाटेला येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

मत आधीच सांगून टाकते. सिनात्रा जमवायचा असेल तर गाजलेल्या गाण्यांची संकलनं बाजूला ठेवा. कॅपिटॉल कंपनीत त्याने १९५३ पासून जे पूर्ण अल्बम केले, तिथून सुरुवात करा, आणि पन्नाशीच्या दशकातले अल्बम शक्यतो मोनोत, म्हणजे एकाच चॅनलच्या आवाजात, घ्या. संग्रह लहान राहिला तरी चालेल.

संकलनांना माझा विरोध का, तर सिनात्रा अल्बमचा विचार करून गाणारा माणूस होता. १९४६ मध्ये कोलंबियाने त्याचा ‘द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा’ काढला तो मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या चार तबकड्यांचा संच होता. आठ गाणी, सगळी एकाच हळुवार मनःस्थितीतली. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी बाजारात आणली तेव्हा हाच संच दहा इंची एलपी म्हणूनही निघाला. म्हणजे एलपी यायच्या आधीपासूनच गाणी एका धाग्यात ओवायची ही कल्पना त्याच्या कामात होती. १९५५ च्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’मध्ये ती पूर्ण फुलली. सोळा गाणी, जवळजवळ पन्नास मिनिटं, आणि एकही गाणं उडत्या चालीचं नाही. रात्र सरत नाहीये आणि झोप येत नाहीये, एवढीच अवस्था. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत आपण त्या खोलीत जाऊन बसतो आणि मग बाहेर पडावंसं वाटत नाही. यातलं एखादं गाणं उचलून दणदणीत ब्रासच्या (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांच्या) गाण्याशेजारी ठेवलं की ते नुसतं एक संथ गाणं उरतं. संकलनं नेमकं हेच करतात.

दुसरी गोष्ट मला या महिन्यांत उमगली ती म्हणजे सिनात्राचे अल्बम संगीत संयोजकाच्या नावाने निवडावेत. कव्हरवर ते नाव सहसा छापलेलं असतं. नेल्सन रिडल, बिली मे आणि गॉर्डन जेंकिन्स ही कॅपिटॉल काळातली मुख्य तीन नावं. रिडल गायकाला जागा देतो. गायकाची ओळ संपते तिथे बासरी किंवा तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दबवणारं झाकण, लावलेला ट्रम्पेट दोन सूर बोलतो आणि लगेच बाजूला होतो. ‘साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स’ (१९५६) मधला तो ट्रम्पेट हॅरी एडिसनचा, आणि एकदा तो कानात बसला की पुढे कुठेही ओळखू येतो. बिली मेचा ब्रास मोठा, उजळ आणि खेळकर. १९५८ चा ‘कम फ्लाय विथ मी’ त्याचा. जेंकिन्स म्हणजे तंतुवाद्यांचे दाट थर. ‘व्हेअर आर यू?’ (१९५७) आणि ‘नो वन केअर्स’ (१९५९). माझं मन रिडलकडे आहे हे उघड आहे. जेंकिन्सचं संगीत मला अधूनमधून जड होतं, पण ज्यांना तंतुवाद्यांत बुडून जायला आवडतं त्यांनी सुरुवातच तिथून करावी.

आता एका गाण्याबद्दल जरा थांबून बोलते, कारण प्रत पारखायला मी तेच वापरते. ‘स्विंगिंग लव्हर्स’च्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, कोल पोर्टरचं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’. १२ जानेवारी १९५६ ला ध्वनिमुद्रित झालेलं. रिडलने मधल्या भागात वाद्यांचा आवाज पायरी पायरीने चढवत नेलाय आणि तो शिगेला पोचताना मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन फुटून बाहेर येतो. चांगल्या प्रतीत तो भरदार, गोल, अगदी समोर उभा राहतो. झिजलेल्या प्रतीत नेमक्या त्याच जागी आवाज फाटतो. आणि हे गाणं बाजूच्या सुरुवातीला आहे, म्हणजे तबकडीच्या बाहेरच्या कडेला. तिथे सुईखालून खाच सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ हाच वेग २० च्या आसपास येतो. त्यामुळे बाहेरच्या कडेला आवाज सगळ्यात स्वच्छ निघायला हवा. तिथेच फाटत असेल तर आतल्या गाण्यांची आशा सोडा. खाच खरवडली गेलेली असते ती जुन्या काळच्या जड टोनआर्ममुळे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यामुळे. ती झीज डोळ्यांना दिसत नाही आणि कितीही धुतली तरी जात नाही.

डोळ्यांवर विसंबू नये हे सांगायचं आणखी एक कारण आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस, म्हणजे उत्तम स्थितीतली) म्हणून आलेली प्रत आरशासारखी चकचकीत होती, एकही ओरखडा नाही, आणि गाताना प्रत्येक ‘स’ थुंकल्यासारखा येत होता. विक्रेता फक्त दिव्याखाली धरून दर्जा ठरवत होता, वाजवून बघत नव्हता. परत पाठवताना बराच वाद झाला. तेव्हापासून मी घेण्याआधी एकच प्रश्न विचारते: ही वाजवून दर्जा दिला आहे का? उत्तर गोलमोल आलं की पुढे जाते. याउलट बारीक ओरखड्यांनी भरलेली एक प्रत माझ्याकडे आहे, ती थोडी टिकटिकते, पण गळा आणि वाद्यं तिच्यात अगदी ताजी आहेत. मला ती प्यारी आहे.

मोनोचा आग्रह कशासाठी? कॅपिटॉलमधले सिनात्राचे सुरुवातीचे अल्बम मोनोतच मुद्रित झाले. स्टिरिओत निघालेला त्याचा पहिला अल्बम म्हणजे ‘व्हेअर आर यू?’. साठच्या दशकात स्टिरिओची मागणी वाढली तशी कॅपिटॉलने जुन्या मोनो अल्बमना ‘ड्युओफोनिक’ नावाने कृत्रिम स्टिरिओचं रूप दिलं. एका बाजूला जाड स्वर जास्त, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि दोन्हींमध्ये काही मिलिसेकंदांचा फरक. ऐकताना गळा पोकळ होतो, जणू सिनात्रा शेजारच्या खोलीतून गातोय. हे टाळणं सोपं आहे. कव्हरवर आणि लेबलवर छापलेल्या अल्बमच्या क्रमांकाआधी नुसतं ‘डब्ल्यू’ असेल तर मोनो, ‘एसडब्ल्यू’ असेल तर खरं स्टिरिओ आणि ‘डीडब्ल्यू’ असेल तर ड्युओफोनिक. ‘डीडब्ल्यू’ दिसलं की ठेवून द्या, कव्हर कितीही कोरं असो.

खऱ्या स्टिरिओतल्या अल्बमबाबतही विचार करावा. १९५८ चा ‘ओन्ली द लोन्ली’ मोनोत बारा गाण्यांचा आहे. त्याच वेळच्या स्टिरिओ एलपीत दोन गाणी कमी आहेत. रिडलचं हे माझ्या मते सर्वांत खोल काम, त्यातून दोन गाणी गमवायची म्हणजे फार झालं. याच्या कव्हरवर सिनात्राचा विदूषकाच्या रंगातला चेहरा आहे, निकोलस व्होल्पे यांनी रंगवलेला. पहिल्याच वर्षीच्या ग्रॅमी पुरस्कारांत कव्हरसाठीचा पुरस्कार याला मिळाला. बारा इंची आकारातच तो चेहरा नीट बघता येतो. गालावरचा रंग ओला वाटतो.

मोनो रेकॉर्ड साध्या स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) खुशाल वाजवा, पण अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. सुईच्या वरखाली हालचालीतून येते ती नुसती धूळ आणि खरखर. दोन्ही चॅनल एकत्र केले की ती बरीचशी आपसांत कटते. मला या एका बटणाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही महागड्या वस्तूने पडला नाही. ७८ च्या तबकड्यांचं मात्र वेगळं. त्यांची खाच रुंद, त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई त्यावर अजिबात टेकवू नये. आणि त्या लाखेच्या असल्यामुळे अल्कोहोल असलेलं द्रावण लावलं की पृष्ठभाग विरघळतो. एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटर, किंचित साबण आणि मऊ ब्रश माझ्यासाठी पुरेसा ठरला. ठेवताना उभ्या, आतलं कागदी पाकीट बदलून पॉलिथिनचं. बाहेरून पीव्हीसीची जाड पाकिटं घालू नका, त्यातलं रसायन कालांतराने तबकडीवर धुरकट डाग पाडतं.

प्रत कुठल्या काळातली हे ओळखणं हा या नादातला मोठा आनंद आहे. पन्नाशीच्या दशकातल्या ‘स्विंगिंग लव्हर्स’चं लेबल राखाडी. त्यानंतर काळं लेबल आलं, कडेने इंद्रधनुषी पट्टा, आधी लोगो डावीकडे आणि नंतर वरच्या बाजूला. शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर, तिरका उजेड पाडला की, क्रमांक आणि अक्षरं कोरलेली दिसतात. त्यावरून कुठल्या कटवरून, म्हणजे खाच कोरलेल्या कुठल्या मूळ तबकडीवरून, प्रत निघाली ते कळतं. याच अल्बमच्या पहिल्या कव्हरवर सिनात्रा प्रेमी जोडप्याकडे पाठ करून बघतोय. पुढच्या आवृत्तीत त्याला जोडप्याकडे वळवलं. मला पहिलंच जास्त आवडतं. त्यात तो त्यांच्यात नाही, स्वतःच्याच विचारात आहे, आणि गातानाही तो तसाच वाटतो.

गाण्याबद्दल एक सांगायला हवं, कारण ते रेकॉर्डवरच मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. सिनात्राचा दमसास. तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये १९४० ते १९४२ होता. डॉर्सी ट्रॉम्बोनवर लांबच लांब ओळ न तोडता वाजवायचा आणि सिनात्राने ते गळ्यात आणायचं ठरवलं. त्यासाठी पाण्याखाली पोहून दम वाढवला, असं तो स्वतः सांगत असे. जिथे बाकीचे गायक ओळीच्या शेवटी श्वास घेतात तिथे तो पुढच्या ओळीत सरळ शिरतो आणि मध्येच, अर्थाच्या दृष्टीने थांबावं अशा जागी, अलगद श्वास घेतो. त्यामुळे शब्दफेक बोलण्यासारखी वाटते. मोनो प्रतीत, गळा मधोमध असताना, हा श्वास कुठे घेतला ते बोट ठेवून दाखवता येतं. फोनवर इतकी वर्षं ऐकूनही माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

नव्या आवृत्त्यांचं काय? २०१५ च्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने कॅपिटॉलचे बरेच अल्बम १८० ग्रॅमच्या तबकडीवर आले. शांत पृष्ठभाग हवा असेल, झिजलेल्या प्रतींशी झगडायचं नसेल, तर त्या घ्यायला काहीच हरकत नाही. तबकडी जड असली म्हणून आवाज चांगला असतो असं मात्र नाही. माझ्याकडच्या एका नव्या प्रतीपेक्षा तिची राखाडी लेबलवाली जुनी बहीण जास्त जिवंत वाटते, खरखरीसकट.

रिप्रीझ ही त्याची स्वतःची कंपनी, १९६० मध्ये काढलेली. त्या काळातलं मी निवडक ठेवलंय. संयोजक डॉन कोस्टासोबतचा ‘सिनात्रा अँड स्ट्रिंग्ज’ (१९६२), पन्नाशीच्या उंबरठ्यावर गायलेला ‘सप्टेंबर ऑफ माय इयर्स’ (१९६५), आणि ब्राझीलचा संगीतकार जोबिम याच्यासोबतचा १९६७ चा अल्बम, ज्यात तो इतका हळू गातो की व्हॉल्यूम वाढवायचा मोह आवरावा लागतो. यांच्या स्टिरिओ प्रती बिनधास्त घ्याव्यात.

सध्या शोध चालू आहे तो ‘क्लोज टू यू’चा (१९५७). हॉलीवूड स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एलेनॉर स्लॅटकिनचा चेलो, आणि भोवती रिडलने बेताने वापरलेली बाकीची वाद्यं. माझ्याकडे आहे ती प्रत पहिल्या बाजूला ठीक, दुसरीवर सतत टिकटिक. मोठ्या ब्रासच्या अल्बममध्ये असली टिकटिक लपते, इथे चार तंतुवाद्यांमागे लपायला जागाच नाही. म्हणून संग्रहात बाकी कुठे तडजोड केली तरी या अल्बमला करू नका. कव्हर फाटकं चालेल, लेबलवर कुणी नाव लिहिलेलं चालेल. वाजवून तपासलेली, शांत, ‘डब्ल्यू’वाली प्रत मिळाली तर दुसरा विचार न करता घ्या.