कुत्र्या-मांजराचा विमा: चौदा महिने, दोन पॉलिसी, दोन क्लेम

पॉलिसी दोन आहेत: एक चार वर्षांच्या लॅब्रेडॉरची, दुसरी दोन वर्षांच्या देशी बोक्याची. घर इंदूरच्या सुदामानगरात, समोर बाग, म्हणजे पावसाळा लागला की गोचीड ठरलेला. मधे एक रिन्युअल होऊन गेलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खाली जे आहे ते शर्तींबद्दल आहे, आणि थोड्याफार फरकानं त्या शर्ती इतर पॉलिसींतही सापडतील.

आधी हप्ता. जाहिरातीतला आकडा जीएसटी सोडून असतो. लॅबसाठी ६०,००० चं कव्हर, मूळ हप्ता ३,९०० आणि १८ टक्के जीएसटी ७०२, म्हणजे खिशातून गेले ४,६०२. दुसऱ्या वर्षी कव्हर तेवढंच आणि हप्ता ५,१३३, कारण कुत्रा वयाच्या पुढच्या टप्प्यात गेला. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींना हप्ता जास्त बसतो आणि त्यांची वयाची मुदतही लवकर संपते. बोक्याचं कव्हर ३०,०००, हप्ता करासकट २,१२४.

खरी परीक्षा कुत्र्याच्या गोचीडतापाच्या बिलात झाली. एकूण बिल १३,८५०. दोन दिवस दाखल ठेवल्याचे ३,०००, सलाइन-इंजेक्शनं ४,२००, रक्ताच्या तपासण्या ३,४५० (प्लेटलेट्ससाठी सीबीसी दोनदा, एर्लिकियाचं, म्हणजे गोचीडतापाच्या जंतूचं किट, लिव्हर-किडनी), डॉक्टरांची फी १,२००, घरी द्यायची औषधं २,०००. आता कात्री पाहा. दाखल ठेवण्याची मर्यादा दिवसाला १,०००, म्हणून १,००० गेले. औषधांचे २,००० पूर्ण गेले, ते का ते पुढे येईल. उरले १०,८५०. त्यातून ५०० डिडक्टिबल (दर क्लेममध्ये आधी आपण सोसायची ठरलेली रक्कम) वजा, १०,३५०. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे बिलातला आपला वाटा, २,०७०. हातात आले ८,२८०. शंभरातले साठ. डिडक्टिबल आधी कापतात की को-पे, हेही पॉलिसीत बघून ठेवा; उलट क्रमानं मोजलं असतं तर आणखी १०० कमी आले असते. रक्कम किरकोळ आहे, पण शस्त्रक्रियेचं बिल असो की तापाचं, हिशेब याच शिडीनं उतरतो.

औषधांचं बिल का गेलं? डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यायचं असतं आणि ते साध्या मेडिकलवर मिळतं. दुकानदार सवयीनं ‘पेशंट’च्या रकान्यात मालकाचं नाव टाकतो. कंपनीच्या लेखी मग ते औषध माणसाचं झालं. काउंटरवरच सांगून त्या रकान्यात कुत्र्याचं नाव आणि ‘पाळीव कुत्रा’ लिहून घ्यायचं, खाली डॉक्टरांचं नाव. प्रिस्क्रिप्शनवरही प्राण्याचं नाव, वय, वजन, तारीख आणि डॉक्टरांचा व्हेटरनरी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा. मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक प्रत्येक कागदावर. लेटरहेडच्या फाटलेल्या अर्ध्या चिठ्ठीवर लिहून देणारे डॉक्टर स्वभावानं फार चांगले असतात, पण तसल्या चिठ्ठीवर क्लेम पास होत नाही.

लसीकरणाच्या कार्डाचंही तसंच. नुसती तारीख चालत नाही. लशीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर, सही आणि शिक्का, तिन्ही लागतात. ही स्टिकरं इंदूरच्या उन्हाळ्यात सुटून पडतात, म्हणून लस टोचली त्याच दिवशी कार्डाचा फोटो काढून ठेवा. वार्षिक डोस चुकला आणि नंतर पार्व्हो किंवा डिस्टेंपर झाला, तर तो ‘लसीनं टळणारा आजार’ ठरतो आणि क्लेम नाकारला जातो.

वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळत नाही तो काळ, आजारासाठी ३० दिवस. इथं आपल्याकडचं गणित वेगळं आहे. माळव्यात पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो, आणि एर्लिकिया गोचीड चावल्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांनी उमटतो. जुलैत पॉलिसी घेतली तर ऐन हंगाम कोरडाच जाणार. मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या. आणखी एक बारकी गोष्ट: डॉक्टर केसपेपरवर ‘काही दिवसांपासून जेवत नाही’ असं मोघम लिहितात. क्लेम तपासणारा लगेच विचारतो, किती दिवसांपासून? लक्षण नेमकं कोणत्या तारखेला दिसलं ते खरं सांगा आणि तसंच लिहून घ्या.

दुसरा क्लेम कानाच्या संसर्गाचा, १,६५० चा. नामंजूर. तक्रार करण्यासारखं काही नाही, ओपीडी, म्हणजे दाखल न करता केलेले उपचार, कव्हरमध्ये नव्हतीच. लसी, जंतांचं औषध, नसबंदी, दातांची सफाई, खाणं, टॉनिक हेही बाहेर. ओपीडीचा रायडर (जादा पैसे देऊन घ्यायचं जोडकव्हर) विकायला येतात, तेव्हा त्याची किंमत आणि वर्षाची मर्यादा शेजारी ठेवून बघा. किंमत मर्यादेच्या अर्ध्यावर गेली तर नको; तेवढे पैसे वेगळ्या डब्यात टाकलेले बरे.

महूच्या व्हेटरनरी कॉलेजात उपचार केले तर सरकारी पावती इतकी लहान असते की डिडक्टिबलच्या पुढे फारसं काही उरत नाही. तिथं जाणाऱ्यांनी कमी हप्त्याची, जास्त डिडक्टिबलची पॉलिसी घ्यावी.

चोरी-हरवण्याच्या कव्हरला माझ्या मते फारशी किंमत नाही. पोलिसांत नोंद तर लागतेच, शिवाय कुत्र्याची किंमत सिद्ध करायला खरेदीची पावती लागते, आणि आपल्याकडे निम्मी पिल्लं ओळखीतून येतात. त्याउलट तिसऱ्या पक्षाची जबाबदारी हे कलम मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत राहणाऱ्यांनी सोडू नये. कुत्रा कुणाला चावला आणि कोर्टानं भरपाई ठरवली तर ते कामाला येतं. मात्र निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली दंड झाला तर तो विमा भरत नाही, तो मालकानंच भरायचा.

बोक्याचा विमा मुख्यतः एका गोष्टीसाठी घेतला: लघवी तुंबणं. नर मांजरांत मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा चिकट गुठळी अडकते, आणि पूर्ण तुंबलं तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. कॅथेटर, सलाइन, दाखल, आणि ते पुन्हा होण्याची शक्यता मोठी. म्हणूनच पॉलिसीत खंड पडू देऊ नका. एकदा तुंबून गेल्यावर रिन्युअल चुकलं, तर नव्या पॉलिसीत तो ‘आधीपासूनचा आजार’ होतो. बोका वारंवार शी-शूच्या वाळूच्या पेटीत जाऊन बसतोय, जोर लावतोय आणि वाळू कोरडीच आहे, तर बद्धकोष्ठ समजून दूध पाजत बसू नये, त्याच रात्री डॉक्टर गाठावा.

नकार चुकीचा वाटला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात अर्ज जायला हवा. लॅबची पॉलिसी चालू ठेवली आहे, पण दिवसाच्या दाखल खर्चाची मर्यादा १,५०० करून. त्याचे हप्त्यात २६० वाढले.