मोटरहोमचं फोल्डिंग फर्निचर : लॅमिनेट लागायच्या आधी आत काय आहे ते बघा, नाहीतर आमच्यासारखं होईल

व्हॅनचं मोटरहोम करून घ्यायचा विचार असेल आणि आतलं काम बाहेर कोणाला देणार असाल तर हे आधी वाचा. लांबलचक झालंय, पण पैसे देण्याआधी वाचलं तरच उपयोग आहे.

गाडीत जागा एवढीशी, गादी अंथरली की टेबल नाही आणि टेबल लावलं की चालायला वाट नाही, त्यामुळे सगळं घडीचं लागतं. आमची यादी साधी होती. मागच्या बाजूला गॅस स्ट्रटवर (डिकीचं झाकण वर धरतात तसल्या गॅस भरलेल्या दांड्यांवर) उचलला जाणारा बेड आणि त्याखाली सामान, भिंतीला मिटून बसणारं टेबल, बेल्टवाली दोन माणसांची सीट जी रात्री सपाट होऊन झोपायला होते, आणि वर छताला लागून लॉकर्स. ज्याला काम दिलं त्याचं नाव इथे घालत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि अशी माणसं नाव बदलून पुन्हा उभी राहतातच, पद्धत मात्र तीच राहते. तेव्हा पद्धतच सांगते.

त्याने आम्हाला जिंकलं ते व्हिडिओवर. एका बोटाने टेबल उघडतंय, दोन बोटांनी बेड वर जातोय, सीट एका झटक्यात सपाट. बघायला भारीच वाटतं हो, पण नंतर शांतपणे बघितलं तेव्हा लक्षात आलं की एकाही व्हिडिओत टेबलावर काही ठेवलेलं नाही, बेडवर गादी नाही आणि गाडी कुठेच चालत नाहीये. रिकाम्या गाडीत, उभ्या जागी, कुठलंही फोल्डिंग फर्निचर छानच चालतं. त्यातले निम्मे फोटो त्याचे नव्हतेच हेही पुढे कळलं, एका फोटोत स्विचबोर्डवरची अक्षरं उलटी होती म्हणजे फोटो आरशासारखा फिरवून कोपऱ्यातलं मूळ नाव कापलेलं. फोटोवरून मूळ फोटो शोधून देणाऱ्या इंटरनेटवरच्या सोयीत तो टाकला की मूळ मालक निघतो, पण फिरवलेला फोटो तसाच टाकला तर बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून आधी तो परत उलटा करून मग शोधायचा.

आता माल. लेखी ठरलं होतं की मोठे भाग १५ मिमी पॉप्लर गाभ्याच्या हलक्या प्लायचे, सिंकखाली आणि दाराजवळ मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा), बिजागऱ्या आणि पट्ट्या स्टेनलेस ३०४ च्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या चांगल्या ग्रेडच्या. आम्ही माल बघायला गेलो तर समोर एक शीट उभी केलेली, त्यावर बीएस १०८८ चा, म्हणजे मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा, ठसठशीत शिक्का. "ताई, हे बोटींना वापरतात, तुम्ही निर्धास्त राहा." शीट खरीच होती बहुतेक. आमच्या गाडीत ती लागली नाही एवढंच. चुंबकाचा प्रयोगही त्यानेच करून दाखवला, "बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४." हे इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतं की खरंच वाटतं. पण २०१ आणि २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि चांगल्या ३०४ ची पट्टी जिथे वाकवलेली असते तिथे थोडंसं चिकटू शकतं. म्हणजे चुंबकाने ४३० सारखं स्टील किंवा साधं मुलामा दिलेलं लोखंड पकडता येईल, २०२ नाही. त्यासाठी स्टीलवर टाकायचे टेस्टिंगचे थेंब मिळतात, ते आणायचे. आमच्या सिंकजवळच्या बिजागऱ्यांवर पहिल्याच पावसाळी ट्रिपमध्ये तांबूस डाग आले.

काम मिळालं तेव्हा सगळं गुळगुळीत पांढरं लॅमिनेट आणि कडेला व्यवस्थित एज बँड (बोर्डाची कड झाकणारी पट्टी). दिसायला एक नंबर, गुण्यात (काटकोनात) बसवलेलं, फटी नाहीत. गाडी बंद ठेवली की डोळे चुरचुरायचे एवढंच, त्यावर तो म्हणाला नवीन लाकडाचा वास आहे, जाईल. तो वास लाकडाचा नव्हता, हलक्या प्रतीच्या बोर्डाच्या डिंकातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा असणार, आणि एवढ्याशा बंद डब्यात माणसं झोपणार म्हटल्यावर ही गोष्ट बारीक नाही. बोर्ड घेताना ई१ (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या बोर्डाचा दर्जा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा मागायचा आणि तसं बिलावर लिहून घ्यायचं.

मग बेड पडला. मी खालून पिशवी काढत होते, वर उचललेलं झाकण हळूहळू खाली यायला लागलं आणि मधेच एकदम आलं, हात काढला म्हणून वाचला. त्याला फोन केला तर म्हणे थंडीत स्ट्रट जरा नरम पडतात. हे अर्धं खरं आहे, आत नायट्रोजन असतो, गारठ्यात दाब कमी होतो, पण इतका नाही की झाकण कोसळावं. तेव्हा दोन्ही स्ट्रट काढले आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभे धरून, दांडी खाली करून, सरळ दाबले. ही टेस्ट कोणीही करू शकतं. स्ट्रटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, त्याला साधारण १० ने भागलं की किलो येतात, म्हणजे ४०० न्यूटनचा स्ट्रट दबायला लागतो तेव्हा काट्यावर ४० च्या आसपास दिसायला हवं. आमचे २५ च्या जवळ दबायला लागले. नखाने लेबल खरवडलं तर खाली दुसरं लेबल, २५० चं. (दाबताना तोंड बाजूला ठेवा, सटकला तर लागतो.)

पण नुसता स्ट्रटचा घोळ असता तर बदलून मोकळे झालो असतो. बेडचं झाकण सुटं करून तेही वजनाला लावलं. १.९ मीटर बाय १.३ मीटरचं झाकण १५ मिमी पॉप्लर प्लायचं असेल तर १६ किलोच्या आसपास भरायला हवं, लॅमिनेट धरून थोडं जास्त. आमचं निघालं ३३ च्या वर. कडेचा एज बँड सोलला आणि आत तपकिरी, थर नसलेला, पीठ दाबून केल्यासारखा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेला जड बोर्ड), तोही १८ मिमीचा. आता हिशेब बघा, १० किलोची गादी धरली तर २६ किलोसाठी काढलेले स्ट्रट ४३ किलो उचलणार कसे? आणि तेही लेबल बदललेले!

एकदा कड सोलल्यावर मग मी थांबलेच नाही, सगळीकडे सोलत गेले. टेबलाची फळी एमडीएफ, आणि बिजागरीचे स्क्रू त्याच्या कडेत मारलेले. एमडीएफच्या कडेत स्क्रू मुळातच धरत नाही, त्यात गाडीची थरथर, भोक मोठं होत जातं आणि एक दिवस टेबल मांडीवर येतं. तिथे आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारा) हवा, किंवा निदान धातूचा थ्रेडेड इन्सर्ट, म्हणजे बोर्डात बसवायची आट्यांची नळी. फोल्डिंग ब्रॅकेटवर जे वजन लिहिलेलं असतं ते बहुतेक जोडीचं असतं, एकाचं नाही, आणि स्थिर वजनाचं असतं, त्यावर कोणी कोपर टेकून उठेल असं धरलेलं नसतं. आमच्याकडे जोडीचा आकडा एकेका ब्रॅकेटचा म्हणून सांगितला होता, म्हणजे ताकद कागदावरच दुप्पट. ड्रॉवरला सॉफ्ट क्लोज चॅनेल लावलेले, बंद होताना गोड वाटतात पण वळणावर ड्रॉवर उघडण्यापासून थांबवत नाहीत, गाडीत लॉक होणारे चॅनेल किंवा पुश लॉक लागतं. हा शेवटचा भाग फसवणूक की अडाणीपणा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सिंकखालचा "मरीन" प्लाय घरी पातेल्यात उकळला. खऱ्या मरीन प्लायच्या डिंकाची परीक्षा ७२ तास उकळून घेतात, आमचा तुकडा काही तासांतच पत्त्यांसारखा सुटला. पण उकळून टिकला म्हणजे मरीन असंही समजू नका. बाहेर वापरायच्या साध्या प्लायलाही तोच डिंक असू शकतो, फरक आतल्या थरांमध्ये असतो. कापलेली कड बघायची, थरांच्या मधे पोकळी दिसली किंवा पुटी भरलेली दिसली की तो मरीन नाही, शिक्का काहीही असो. शिक्का मारायला काय लागतं!

सगळ्यात जास्त राग मला सीटचा आहे. बाकीच्या गोष्टीत पैसे गेले, इथे जीव गेला असता. ही सीट टेस्टेड आहे म्हणून त्याने सर्टिफिकेटचा फोटो पाठवला होता, त्यावर आर १४ लिहिलेलं. आर १४ हा बेल्टच्या अँकरचा, म्हणजे बेल्ट गाडीला जिथे पकडलेला असतो त्या जागांचा, संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, त्यात तीन ठिकाणी बांधलेल्या बेल्टच्या खांद्याच्या पट्ट्यावर १३.५ किलोन्यूटन एवढी ओढ देतात, म्हणजे साधारण पावणेचौदाशे किलो, आणि कमरेच्या पट्ट्यावरही तेवढीच, शिवाय सीटच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट ओढ वेगळी. ही परीक्षा नुसत्या सीटची नसते, ती कुठल्या गाडीच्या कुठल्या फ्लोअरला कशी बसवली त्यासकट असते. आमच्या फोटोतलं मॉडेल दुसऱ्याच गाडीचं होतं, ती ओळ बरोबर अंगठ्याखाली धरून फोटो काढलेला. गाडीखाली टॉर्च घेऊन बघितलं तर सीटच्या जागी एकही बोल्ट खाली आलेला नाही. जाड स्क्रू, फ्लोअरच्या प्लायमध्ये, संपलं! बोल्ट आरपार जाऊन खाली जाड स्टीलची प्लेट किंवा चॅसिसचा भाग पकडलेला दिसायलाच हवा. तुमच्याकडे अशी सीट कोणी बसवलेली असेल तर आजच गाडीखाली जाऊन बघा, नसेल दिसत तर त्यावर कोणाला बसवून गाडी चालवू नका.

त्याची उत्तरं ऐकण्यासारखी होती. "ताई, गाडी हलते, घरातल्यासारखं कसं राहील", "तुम्ही सामान जास्त ठेवलं", "पॉप्लर संपला होता, एमडीएफ जास्त मजबूत असतो म्हणून तुमच्या भल्यासाठी लावला." भल्यासाठी! मटेरियलचं बिल मागितलं तर हाताने लिहिलेलं एस्टिमेट, दुकानाचं बिल मागितलं तर असा अंधुक फोटो की आकडा कळेल पण मालाचं नाव कळणार नाही. पैसे मटेरियलसाठी म्हणून बहुतेक सगळे आधीच गेलेले, आणि वर मूळ कंपनीच्या मागच्या सीट्स त्याच्याकडे, ज्या काढताना "जागा नाही तुमच्याकडे, मी ठेवतो" म्हणाला होता. शेवटचा हप्ता दिल्याशिवाय सीट्स मिळणार नाहीत असं झालं, आणि दिल्यावर कळलं की त्या कधीच विकल्यात. काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी आपल्या घरी आणायचा, अडगळ झाली तरी चालेल.

आमच्या बाजूने जे उपयोगी पडलं ते म्हणजे धर्मकाट्याच्या पावत्या. काम द्यायच्या आधी रिकामी गाडी टाकी भरून काट्यावर नेली होती, काम झाल्यावर पुन्हा टाकी भरूनच नेली. लेखी ठरलं होतं की फर्निचर १२० किलोच्या आत, फरक आला २०० च्या वर. यावर त्याला काही बोलताच आलं नाही, कारण हलक्या प्लायचं वजन इतकं होऊच शकत नाही. आणि हे नुसतं भांडणापुरतं नाही, गाडीचं मंजूर एकूण वजन ठरलेलं असतं, फर्निचरनेच ते खाल्लं तर पाणी, सामान आणि माणसं कुठे बसवणार, ब्रेकवर आणि टायरवर ताण येतो तो वेगळाच.

आता नवीन माणसाकडे काम चालू आहे आणि करार वेगळा केलाय. पहिला हप्ता कापलेला पण लॅमिनेट न लावलेला प्लाय आम्ही स्वतः तोलून बघितल्यावर, प्रत्येक शीटचा एक तुकडा सहीसकट आमच्याकडे. दुसरा हप्ता बिजागऱ्या, स्ट्रट आणि लॉक बसवून, गादी टाकून, टेबलावर वजन ठेवून उघडझाप केल्यावर. शेवटचा खराब रस्त्यावर गाडी फिरवून आणून सगळे नट पुन्हा तपासल्यावर. दोघांनी ही अट ऐकून काम नाकारलं, तिसऱ्याने विचारलं की तराजू तुम्ही आणणार का मी आणू, काम त्याला दिलं. बेल्टवाली सीट मात्र त्याच्याकडूनही नाही, ती आमच्याच मॉडेलच्या फ्लोअरसाठी टेस्ट झालेली तयार घेतोय.

जुन्या प्रकरणात थोडे पैसे परत आलेत, तेही सोललेल्या कडांचे फोटो, उकळलेला तुकडा, दोन्ही पावत्या आणि त्याचे मेसेज एकत्र करून तक्रार दिल्यावर. सीट्सचं तो अजून म्हणतो की आम्हीच नेल्या. काढलेलं एमडीएफचं झाकण पुरावा म्हणून ठेवलंय, कोणी त्याच पद्धतीत अडकलं असेल आणि मोजमापांचे कागद हवे असतील तर सांगा, देते.